काळा बेडका

ज्यांना लवकर किळस येते त्यांनी हे जेवणाआधी वाचू नये. आजारपणाच्या गोष्टी लोक धुऊन-पुसून सांगतात. देवाची कृपा, डॉक्टरांचे हात, घरच्यांची सेवा. माझ्याही गोष्टीत हे थोडंथोडं आहे. पण माझा आजार छातीचा, आणि छातीतून जे वर येतं ते धुऊन-पुसून सांगता येत नाही. मी बरेच महिने ते लपवलं. न्हाणीत जायचं, खाकरायचं, वरून तांब्याभर पाणी ओतायचं. तुमच्या घरात कुणी असं करत असेल तर आधी त्या पाण्याकडे बघा.

भिंतीपलीकडे

माझं नाव शमीम. आम्ही पिंजारी. हिंगोलीच्या बाहेर कारखान्यांच्या भिंतीला लागून आमची वस्ती आहे, तिथं आम्ही राहायचो. घराला घर चिकटलेलं, गल्ली एवढी अरुंद की मोटारसायकल आली की बायकांनी उंबऱ्यावर चढायचं. पुढच्या पत्र्याच्या खोलीत आमची कापूस पिंजायची मशीन. मशीनवर माझा नवरा गफूर बसायचा. मी खोळी शिवायची, गाद्या भरायची आणि दाभणानं टाके घालायची. घरात सासू, जिला मी अम्मा म्हणते, आणि अकरावीतली मुलगी सना.

एका अंगाला डाळीची मिल होती. तिचा भुसा उडायचा, पण भुसा झटकला की निघतो. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे टायरची भट्टी आली आणि गोष्ट बदलली. जुने टायर बंद टाकीत तापवायचे, तेल काढायचं, आणि खाली उरते ती काळी पूड पोत्यात भरायची, असा तो धंदा. पहाटे टाकी उघडली की पूड वाऱ्यावर बसून आमच्या घरात यायची. दुधावर साय धरायच्या आधी काळं धरायचं. वाळत घातलेली चादर आत आणली की तिच्यावर बोटानं नाव लिहिता यायचं. लेकरांच्या नाकपुड्या चुलीच्या आतल्या बाजूसारख्या. आणि वास. जळक्या रबराचा आणि सडक्या अंड्याचा मिळून एक वास, जो भाकरीच्या घासाबरोबर पोटात जायचा.

एकदा एका बापानं लेकीच्या लग्नासाठी गादी-रजई करून घेतली. दुसऱ्याच दिवशी तो सगळं परत घेऊन आला. एक टाका उसवून त्यानं आतला कापूस बाहेर ओढला.

"गफूरभाई, जुन्या गादीतला कापूस भरला काहून?"

"नवा हाय. कसम घेतो."

"मग असा राखेवानी काहून दिसून राहिला?"

गफूरनं शेवटी मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तो माणूस हसला आणि दुसऱ्या दुकानात गेला. मी तो कापूस हातात घेतला, बोटांना काळं लागलं. आम्ही रोज हेच काळं श्वासातून आत घेत होतो हे मला कळत होतं. पण कळतं त्या सगळ्याचं माणूस काही करतोच असं नाही.

वेगळं ताट

खोकला हिवाळ्यात लागला आणि उन्हाळ्यातही गेला नाही. गल्लीतल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावायच्या आधीच विचारलं, "धंदा?" मी म्हटलं, गादीचा. "मग खोकला येणारच," म्हणाले. कफाच्या औषधाच्या बाटल्या मी पाण्यासारख्या प्यायले. पुढं पुढं गादी भरताना मध्येच बसायला लागले. मग बसूनही दम लागायला लागला. आणि सकाळी घशातून जे यायचं ते काळं. धुरकट नव्हे, करडं नव्हे, काळं. चिकट, मधे तारा सुटणारं.

सनानं एका सकाळी न्हाणीचं दार ढकललं आणि पाहिलं. तिनं दोन्ही हात तोंडावर धरले. "अम्मी, हे तुमच्यातून आलं?"

त्या दिवसापासून घरात टीबीचा विषय सुरू झाला. अम्मानं माझं ताट, वाटी, पेला वेगळा काढला आणि फडताळाच्या खालच्या कप्प्यात ठेवला. वर फडकं झाकलं, जणू आत मेलेला उंदीर आहे. थुंकी तपासली, फोटो काढला. टीबी निघाला नाही. गफूरनं कागद अम्मापुढं धरला.

"चांगलं झालं," अम्मा म्हणाल्या. पण ताट काही वर आलं नाही.

अम्मांवर माझा राग आहे आणि नाहीही. त्यांच्या लहानपणी त्यांच्या घरात टीबीनं माणसं गेली होती. भीती जुनी होती. पण रोज खालच्या कप्प्यातून ताट काढताना मला अम्माची नव्हे, स्वतःचीच शिसारी यायची. आजाराचं हे कुणी सांगत नाही. दुखण्याआधी लाज येते.

दत्ताची पाठ

एका सकाळी खोळीत कापूस कोंबता कोंबता माझा श्वास अडकला. आत जाईना, बाहेर येईना. सना ओरडत गल्लीत धावली. रिक्षा आत येत नव्हती. शेजारच्या सुमनचा नवरा दत्ता भट्टीवर कामाला, पाळी संपवून नुकताच घरी येत होता, अंग धुतलेलंसुद्धा नव्हतं. त्यानं मोटारसायकल तशीच वळवली. मला मधे बसवलं, मागून गफूरनं धरलं.

दत्ताच्या शर्टाला तोच वास. माझं तोंड त्याच्या पाठीवर टेकलेलं आणि दुसरीकडे वळवायची ताकद नव्हती. वाटेत मी त्याच्या पाठीवर ओकले. त्याला कळलं असणारच. तो फक्त म्हणाला, "भाभी, आता आलंच बघा," आणि गाडी तशीच चालवत राहिला.

दवाखाना

दवाखान्यात नाकात ऑक्सिजनची नळी लागली आणि त्या पहिल्या श्वासाला मी रडले. हवा गार होती, तिला कसलाच वास नव्हता. हवेला वास नसतो हे मी विसरले होते.

वॉर्डातले दिवस वाफेवर मोजले जायचे. सकाळची वाफ, दुपारची वाफ, संध्याकाळची वाफ. मधे सिस्टरबाई बोटाला चिमटा लावून ऑक्सिजनचा आकडा बघायच्या आणि काही न बोलता पुढच्या खाटेकडे जायच्या. त्यांच्या चेहऱ्यावरून आपला आकडा ओळखायला आपण शिकतो. बाजूच्या खाटेवरचा म्हातारा छातीच्याच आजारानं पडलेला, आणि उशीखालून गुटखा काढून खायचा. खिडकीच्या गजांवर त्याच्या पिचकाऱ्या. फिनेलचा, पिचकारीचा आणि शिळ्या वरणाचा वास एकत्र व्हायचा. मी डोळे मिटून पडायचे, पण नाक मिटता येत नाही.

भेटायला माणसं यायची. माझी नणंद आली ती ओढणी नाकावर धरूनच. खाटेच्या पायथ्याशी उभी राहून तिनं गफूरला विचारलं, "लागण तर न्हाई ना होत?" मी ऐकतेय हे तिला दिसत होतं. मग मला आणलेला बिस्किटाचा पुडा तिनंच फोडला आणि बसून खाल्ला. कुणी गाढविणीचं दूध सांगितलं, कुणी काळी मिरी. एकजण म्हणाला, आजकाल बायकांना काम केलं की दम लागतो.

माझ्या खाटेखाली थुंकायची डबी होती. ती रिकामी करायची पाळी आली की गफूर दुसरीकडे बघत चिमटीत धरून न्यायचा. तो वाईट माणूस नाही, त्याला ओकारी यायची. सनाला मी हात लावू दिला नाही. मग सुमन यायला लागली. भाकरी-पिठलं बांधून आणायची. आली की आधी ती डबी उचलायची, नळाखाली स्वच्छ धुवायची, पालथी करून पाणी निथळू द्यायची आणि परत जागेवर ठेवायची. नाक मुरडायची नाही. घाईसुद्धा करायची नाही.

मी म्हटलं, "सुमन, तुला किळस येत न्हाई?"

"कशाची? माणसाचंच हाय की." मग डबी खाटेखाली सरकवत म्हणाली, "यांच्या बनियनीबी मीच धुते ना, भाभी. पाणी असंच निघतं."

त्या दवाखान्यात माझ्यावर ज्या काही मेहेरबान्या झाल्या त्यात ऑक्सिजननंतर सुमनचे ते दोन हात येतात.

नांदेड

घरी सोडल्यावर गफूर मला नांदेडला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत बोलायच्या. त्यांनी छातीचा मोठा फोटो, सीटी स्कॅन, काढायला लावला आणि मग आम्हाला समोर बसवलं.

"फुप्फुसाचा काही भाग आखडलाय. तो परत सुटणार नाही. जो राहिलाय तो सांभाळायचा."

गफूरनं विचारलं, "म्हणजे बरी होणार न्हाई?"

"बरेच दिवस चांगल्या राहतील. पण पहिल्यासारख्या नाही."

मग त्यांनी विचारलं, घर कुठं आहे, आजूबाजूला काय आहे. आम्ही कापसाचं सांगितलं. मी भट्टीचं सांगितलं. बेडक्याचा रंगही सांगितला, पहिल्यांदाच, मान वर करून. त्यांनी लिहून घेतलं.

"कापूस आणि भट्टी, दोन्ही," त्या म्हणाल्या. "कुणाचं किती, हे मी नाही सांगू शकत. कापूस तुम्ही बंद करू शकता. पण तिथंच राहिलात तर माझी औषधं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी. ती जागा सोडा."

परतीच्या एसटीत गफूर खिडकीबाहेर बघत होता. कळमनुरी गेल्यावर एकदाच बोलला. "सोडा म्हणती. जायचं कुठं?" आजार माझा होता, पण मशीन, गिऱ्हाईक, घर हे सगळं त्याच्या डोक्यावर होतं. बाईच्या एका छातीसाठी आख्खं घर उचलायचं, हे त्याला मोठं वाटलं. मलाही वाटलं, हे खरं.

तात्पुरती मी माहेरी गेले. सेनगाव तालुक्यात साखरा, तिथं माझा भाऊ कोरडवाहू शेती करतो. भावजयीनं ओसरीत खाट टाकली. तुरीच्या शेतावरून वारा यायचा, धूळ असायची, पण ती मातीची धूळ. काही आठवड्यांत बेडका काळ्याचा करडा झाला आणि एका सकाळी पांढरा आला. मी भावजयीला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, "नणंदबाई, हे बघायला बोलावलं व्हय?" पण तिलाही हसू आलं. माझ्या लग्नातलं सोनं बघून मला एवढा आनंद झाला नसेल.

मग एका संध्याकाळी सनाचा फोन आला. अभ्यासाचं बोलत होती आणि मधेच खोकली. थांबली, परत खोकली. खोकल्याचा आवाज माझाच होता. मी भावाला म्हटलं, मला उद्या जीपनं पोचव.

शिबिर

मी परत आले त्याच आठवड्यात भट्टीवाल्यांनी वस्तीत मोफत आरोग्य शिबिर भरवलं. मंडप, खुर्च्या, चहा. बॅनरवर भट्टीच्या मालकाचा, शेठचा, हात जोडलेला फोटो, आणि टेबलापाशी शेठ स्वतः बसलेला. रक्तदाब बघत होते, ताकदीच्या गोळ्या देत होते, आणि प्रत्येकाला एक मास्क. मास्कवर कारखान्याचं नाव छापलेलं. आधी घाण करायची आणि मग तिच्यावर बांधायचं फडकं स्वतःच्या नावानं वाटायचं. लोक रांगेत उभे राहून ते घेत होते, तोंडाला लावून फोटो काढत होते.

आमच्या वस्तीतल्या कित्येकांनी आधी तक्रार केली होती. तपासायला सरकारी माणसं यायची, पण त्या दिवशी भट्टी थंड असायची आणि आकाश निळं. हे सगळं माझ्या डोक्यात होतं. त्या सकाळी आलेला बेडका मी कापसाच्या पुंजक्यावर घेतला होता. घरी परतून आठवडाही झाला नव्हता आणि तो पुन्हा काळा झाला होता. मी तो पुंजका कागदात धरला, मंडपात गेले आणि शेठसमोरच्या टेबलावर उघडला.

"हे काय आहे?" शेठनं खुर्ची मागं घेतली.

"माझ्या छातीतलं हाय. तुमच्याकडं डॉक्टर आलेत ना, दाखवायला आणलं."

शेठ रागावला नाही. शांतपणे आजूबाजूच्या लोकांना म्हणाला, "पिंजाऱ्याचं घर आहे. कापूस जाऊन बसला असेल छातीत. आमचा काय संबंध?"

"कापूस पांढरा असतो, शेठ."

मला वाटलं, आता कुणीतरी बोलेल. बोलले. पहिल्या रांगेतली एक बाई पदर नाकाला लावून म्हणाली, "छी, चहाच्या टेबलावर ठेवलं मेलीनं." दुसरी म्हणाली, "आजारानं डोकं फिरलंय." कुणी उठून बाजूला गेलं. भिंतीपलीकडून रोज त्यांच्या लेकरांच्या दुधात काय पडतं त्याची त्यांना किळस येत नव्हती. माझी येत होती.

मागून सुमन आली. तिनं तो पुंजका कागदासकट उचलला, पदराच्या टोकानं टेबल पुसलं आणि माझा दंड धरला. दवाखान्यात डबी धुणारे हेच ते हात होते. तिनं मला मंडपाबाहेर आणलं आणि खाली बघत म्हणाली, "घरी जा, भाभी. आमची चूल या भट्टीवर हाय."

मी दंड सोडवून घेतला. घरी आले आणि न्हाणीत जाऊन ओकले.

बोल्ट

अम्मा दिवसभर बडबडत होत्या की वस्तीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. गफूरला कुणीतरी सगळं तिखटमीठ लावून सांगितलं होतं. तो आला, मशीनपाशी उकिडवा बसला. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार.

"तो कापूस कुठला घेतला होता?" त्यानं विचारलं.

"तुमच्याच ढिगातला."

"सकाळीच पिंजला होता मी. पांढराशुभ्र होता." मग पाना घेऊन मशीनचा पहिला बोल्ट सैल करायला लागला. "कळमनुरीला बाजाराजवळ एक जागा हाय. बघून येतो उद्या. राहायचं गावाच्या दुसऱ्या टोकाला, मशीन तिकडं बाजारात. तू आता कापसाला हात लावायचा न्हाई."

अम्मा म्हणाल्या, "आन् माझं काय?"

"तूबी येतीस. आन् ताटं सगळी एकत्र बांध, वेगळी ठेवू नको."

सगळं काही गोड झालं नाही. कळमनुरीत गिऱ्हाईक नवीन जोडावं लागलं. सनाचं कॉलेज बदललं, त्यावरून ती बरेच दिवस माझ्याशी तुटक बोलायची. तिचा खोकला मात्र गेला. मी आता फक्त खोळी शिवते. जिना चढायचा झाला की मधे थांबते. दम लागला की ओढायचा पंप जवळ असतो. थंडीत भीती वाटते. भट्टी तिथंच आहे, चालूच आहे.

सुमनचा फोन

बऱ्याच दिवसांनी सुमनचा फोन आला. ती आधी सगळ्यांची खुशाली विचारत राहिली.

"भाभी, यांना दम लागून राहिला. त्या नांदेडच्या बाईंचं नाव सांगता का?"

"काळं पडतं का?"

"व्हय."

खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते चांगलं नव्हतं. टेबलावरून फिरलेलं तिच्या पदराचं टोक डोळ्यांपुढं आलं. पण त्याच माणसाच्या पाठीवर ओकत मी दवाखान्यात पोचले होते. मी म्हटलं, "कळमनुरीला एसटी थांबली की मी चढते. संगं जाऊ."

दत्ता अर्धा झाला होता. डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासलं आणि विचारलं, "काम काय करता?"

"शेतात."

"धुराचं, धुळीचं काही काम?"

"न्हाई. शेतातच." त्याला हे भट्टीवाल्यांनी शिकवून पाठवलेलं होतं, ते लगेच दिसलं. बाहेर कुणाला भट्टीचं नाव सांगितलं की दुसऱ्या दिवसापासून काम बंद. मी तोंड उघडलं आणि मिटलं. आजार माझा नव्हता, चूल माझी नव्हती.

सुमन भिंतीला टेकून उभी होती. ती पुढं आली आणि टेबलाला हात लावून म्हणाली, "खोटं बोलून राहिले हे. टायरच्या भट्टीवर हायत. टाकी हेच उघडतेत. अंग धुतलं की न्हाणीतून काळं पाणी वाहतं. लिहा, बाई."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं आणि पहिल्यापासून सगळं परत विचारलं. ह्या वेळी त्यानं खरं सांगितलं, हळू आवाजात, जमिनीकडे बघत.

बाहेर आल्यावर तो आमच्या दोघींच्या पुढं चालायला लागला, रागानं. स्टँडच्या दाराशी पोचेपर्यंत राग टिकला नाही, दम संपला. तो कठड्यावर बसला आणि सुमन त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आमची एसटी लागली होती आणि दाराशी झुंबड उडाली होती. मला गर्दीत घुसता येत नाही. मी गाडीला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेले, चवड्यांवर उभी राहिले आणि खिडकीतून माझा रुमाल आत टाकून दत्तासाठी जागा धरली.